अर्धवट छपराखाली

कुणी नवीन पाहुणे घरी आले की माझी बायको माझी ओळख करून देते, "हे पत्रे टाकतात." इतकी वर्षं मी तिला समजावतोय की पत्रे टाकणं हे शेवटचं काम, त्याच्या आधी बरंच काही असतं. तिचं म्हणणं, लोकांना दिसतात ते पत्रेच. ते काही खोटं नाही. कोल्हापूरच्या उद्यमनगरात माझा शेड बांधायचा छोटा कारखाना होता. फौंड्र्या, मागाच्या शेडा, गुळाची आणि तंबाखूची गोदामं अशी किती छपरं उभी केली ते आता आठवतही नाही. एसटीतून जाताना मधेच एखादं ओळखीचं छप्पर दिसतं आणि मान आपोआप वळते, एवढंच.

तर त्या 'आधीच्या बऱ्याच काही'बद्दल थोडं सांगतो, नाहीतर पुढचं कळायचं नाही.

शेडला दोन बाजूंना खांब असतात. समोरासमोरच्या खांबांवर लोखंडी कैची बसते, तीच त्रिकोणी, आपण रेल्वे स्टेशनवर बघतो तशी. एका कैचीपासून दुसऱ्या कैचीपर्यंत आडवे वासे टाकतात, त्यांना आम्ही पर्लिन म्हणतो. आणि पर्लिनवर पत्रे. मी धंद्यात आलो तेव्हा पर्लिन सागवानी असायचे किंवा जाड लोखंडी अँगलचे. नंतर लोखंड मिळेनासं झालं, मिळालं तरी परवडेनासं झालं, आणि मग पातळ पत्रा मशीनवर थंडच वाकवून त्याचा पर्लिन करायची पद्धत आली. इंग्रजी झेड अक्षरासारखा आकार. परातीच्या पत्र्याहून थोडा जाड असेल नसेल. एक माणूस खांद्यावर घेऊन सहज चालत जाई. खलाशी, म्हणजे समुद्रावरचे नव्हेत, दोरखंड आणि कप्पी लावून लोखंड वर चढवणाऱ्यांना आमच्यात खलाशी म्हणतात, ते तर फार खूश झाले.

गिऱ्हाईक मात्र खूश नव्हतं. एवढं हलकं म्हणजे फसवणूकच, असा सगळ्यांचा समज. त्यात एक फौंड्रीवाले पैलवान होते. तरुणपणी तालमीत नाव कमावलेलं, आता अंगावर पैलवानकी आणि पोट दोन्ही मुक्कामाला. ते कारखान्यात आले, एक पर्लिन उचलून बघितला आणि म्हणाले, ह्यावर मी उभा राहून दाखवतो, वाकला तर दुसरीकडं जातो. मी नको नको म्हणतोय तोवर त्यांनी दोन दगडांवर पर्लिन आडवा ठेवला आणि मधोमध पाय दिला. पर्लिन वाकला नाही. तो कुशीवर वळला, पिळला, आणि पैलवान जमिनीवर बसले. कारखान्यातली वेल्डिंगची ठिणगीसुद्धा थांबली. हसायची कुणाची हिंमत नव्हती.

मी त्यांना हात देऊन उठवलं आणि विनंती केली की आता परत एकदा उभे राहा. या खेपेला पर्लिनची दोन्ही टोकं शिकंज्यात घट्ट आवळली आणि दोन माणसांना त्याचा वरचा काठ नुसता धरायला सांगितला. उचलायचा नाही, टेकू द्यायचा नाही, फक्त कुशीवर वळू द्यायचा नाही. पैलवान उभे राहिले. पर्लिन हलला नाही. त्यांनी दोन उड्याही मारून बघितल्या.

"म्हंजी ह्येला धरायला कायम दोन माणसं ठेवायची व्हय?" त्यांनी विचारलं.

मी म्हटलं, "माणसं नाही, पत्रे धरतात. वर पत्रे बसले, मधल्या सळया बसल्या, की त्याला वळायला जागाच राहत नाही."

ते उमगलं त्यांना. घरी करून बघायचं असेल तर लोखंडी फूटपट्टी कडेवर उभी धरून वरून दाबा. ती मधे मोडत नाही, बाजूला पळते. पातळ लोखंडाची सगळी गोष्ट एवढीच आहे. ताकद त्याच्यात भरपूर असते, पण ती सरळ उभं राहण्यावर अवलंबून असते. पुरं झालेलं छप्पर वर्षानुवर्षं टिकतं. अर्धवट छप्पर म्हणजे त्याच ताकदीचे सगळे पर्लिन, पण प्रत्येकजण एकटा. पत्रे बसेपर्यंत त्यांना एकमेकांना बांधून ठेवायला दोन पर्लिनच्या मधे बारीक सळया घालाव्या लागतात. या सळया इतक्या किरकोळ दिसतात की काम उरकायच्या घाईत पहिली काट त्यांच्यावरच मारली जाते.

दस्तगीर मुजावर हा याचा जिवंत पुरावा होता. दस्तगीर म्हणजे आमच्याकडचा मुख्य खलाशी, पण तो माझ्याकडं आला तो लंगडतच. त्याच्या आधी तो एका दुसऱ्या ठेकेदाराकडं होता. तिथं एका शेडवर पर्लिन टाकून झाले होते, सळया घालायच्या राहिल्या होत्या, आणि पत्र्यांची चळत वर एकाच जागी नेऊन ठेवली. दस्तगीर शेजारच्या पर्लिनवर पाय टाकून बसला होता. वारं नव्हतं, धक्का नव्हता. चळतीखालचे पर्लिन वळले आणि पत्र्यांसकट तो खाली आला. कमरेचं हाड मोडलं. तो नेहमी सांगायचा की लाकूड मोडायच्या आधी कुरकुरतं, जाड लोखंड हळूहळू वाकून दिसतं, पण हे पातळ पोरगं बोलत नाही. त्यानंतर तो कधी वर चढला नाही. खाली उभा राहून, मान वर करून, ओरडून काम करून घ्यायचा. त्याच्या ओरडण्याला आमची पोरं मालकापेक्षा जास्त भ्यायची, आणि मालक मीच होतो.

आता मूळ गोष्ट.

जयसिंगपूरच्या पलीकडच्या एका गावात बाबगोंडा आण्णा म्हणून तंबाखूचे व्यापारी होते. त्यांचं मोठं गोदाम आम्ही बांधत होतो. आण्णा म्हणजे आवाजाला खणखणीत आणि मनानं मोकळा माणूस. रोज बुलेटवरून साइटवर येणार, उसाचा रस पाजणार, आणि प्रत्येक नटबोल्टाबद्दल प्रश्न विचारणार. शिरोळ भागातलं पातळ पर्लिनचं ते माझं पहिलं मोठं काम. सगळ्या व्यापाऱ्यांचे डोळे त्याच्याकडं लागलेले. हे टिकलं तर पुढची दहा कामं माझी, हे मला ठाऊक होतं.

कैच्या उभ्या राहिल्या, पर्लिन पडले, पश्चिमेच्या अर्ध्या अंगावर पर्लिन तात्पुरते बांबूंनी बांधून पत्रेही बसवले आणि बांबू काढले. आणि तिथं गाडी अडली. मधल्या सळयांना आटे पाडून देणारा लेथवाला जोतिबाच्या यात्रेला गेला तो तिथून सासुरवाडीला गेला. मी आण्णांना सांगितलं, काम थोडं थांबतंय, सळया आल्या की पुढं सुरू करू, तोवर गोदामात काही ठेवू नका आणि कुणी आत जाऊ नका. आण्णा हो म्हणाले. त्यांचं लक्ष तेव्हा दुसरीकडं होतं. त्यांच्या धाकट्या मुलीचं, सुनंदाचं, लग्न ठरलं होतं. मला आणि दस्तगीरला आग्रहाचं आमंत्रण होतं, आदल्या दिवशीच या, हळदीला या.

आम्ही गेलो. दुपार कलली होती. गावात शिरतानाच कर्ण्यावरची गाणी ऐकू येत होती, आणि ती घराकडून येत नव्हती, गोदामाकडून येत होती.

आत पाऊल टाकलं आणि मी आधी वर बघितलं. मांडववाल्यानं मोठ्या हौसेनं सगळं सजवलं होतं. पर्लिनच्या खालच्या काठाला दोरखंड बांधून रंगीत कापडाचं छत ताणलं होतं. त्याच काठांना पंखे लोंबत होते, मधोमध काचेचं झुंबर, दोन्ही टोकांना कर्णे. खाली सतरंज्या पसरल्या होत्या आणि बायका हळदीची तयारी करत बसल्या होत्या. उन्हातून आत आल्यावर इतकं गार वाटत होतं की कुणालाही वाटावं, लग्नाला याहून चांगली जागा नाही.

आण्णा समोर आले. "काय माने, कसं दिसतंय आपलं गोदाम? म्हटलं हितंच लगीन लावायचं. पावण्यांनी बी बघूदे."

मी त्यांना बाजूला घेतलं आणि काय ते सांगितलं. झेडच्या खालच्या काठाला वजन लोंबकळलं की ते त्याला पिळायलाच बघतं. ज्या अंगाला पत्रे नाहीत तिथं त्याला धरणारं कुणी नाही. कापडाचं एवढं मोठं छत म्हणजे शीड, चैत्र-वैशाखात दुपारी कधीही वारं उठतं, ते सगळे दोर एका दमात ओढेल. आण्णांनी ऐकून घेतलं आणि लगेच तोड काढली: छत सोडू, पंखे सोडू, आणि पत्रे बसलेत त्या अर्ध्या अंगाखाली लग्न लावू.

व्यवहारी माणूस, त्याची तोडही व्यवहारी होती. मला तीही मान्य करता येईना. अर्धवट छपराच्या पोटात वारं शिरलं की ते पत्रे खालून उचलतं. वरून भार आला तर पर्लिनचा वरचा काठ दाबला जातो आणि पत्रे त्याला धरून ठेवतात. पण खालून उचललं की खालचा काठ दाबला जातो, आणि तो धरायला त्या दिवशी तिथं काहीच नव्हतं. हे मी त्यांना दोन्ही तळहात एकमेकांवर धरून समजावलं. बांबू आणि दोर घेऊन सगळे पर्लिन एकमेकांना बांधता येतील का, हेही दस्तगीरशी बोलून झालं. तो म्हणाला, अंधार पडायच्या आत दोन कैच्यांमधला एखादा गाळा होईल, सगळं गोदाम होणार नाही.

एव्हाना आमच्याभोवती घोळका जमला होता. आण्णांचा आवाज चढला. "तूच म्हणालतास न्हवं, जलमभर टिकंल म्हणून?"

"पुरं झाल्यावर टिकेल, आण्णा. अजून ते पुरं झालेलं नाही."

"मग उद्या पडणार हाय काय? व्हय का न्हाई, एवढंच सांग."

हा प्रश्न मला आयुष्यात पुष्कळांनी विचारला, पण इतका सरळ कुणी विचारला नाही. आणि त्याचं सरळ उत्तर माझ्याकडं नव्हतं. बहुतेक पडलं नसतं. वारं आलं नसतं तर नक्कीच पडलं नसतं. पण 'पडणार नाही' असं तोंडानं म्हणायचं धाडस मला होत नव्हतं. दुसरीकडं हेही दिसत होतं की या गर्दीसमोर मी जे बोलेन ते उद्या सगळ्या शिरोळ तालुक्यात पसरेल. मी काय समजावलं ते कुणी सांगणार नाही. मान्याचं लोखंड कच्चं, त्यानं स्वतःच सांगितलं, एवढंच सांगतील. पुढच्या कामांवर मी स्वतःच्या हातानं पाणी सोडत होतो.

मी म्हटलं, "पडेलच असं मी म्हणत नाही. पडणार नाही असं मला म्हणता येत नाही."

घोळक्यात कुजबुज झाली. मांडववाला म्हणाला की साहेबालाच नक्की माहीत नाही, तर आम्ही सगळं का सोडायचं. आण्णा वळले ते दस्तगीरकडं. त्याचं लंगडणं, त्याचं कारण, त्यांना माहीत होतं. साइटवर रसाचा पेला हातात देताना त्यांनी कधीतरी विचारून घेतलं होतं.

"दस्तगीर, तू सांग. तू बसशील काय उद्या ह्येच्याखाली?"

दस्तगीरनं मान वर करून सगळ्या छपरावरून नजर फिरवली. सवयीनं फिरवतो तशी, या टोकापासून त्या टोकापर्यंत. मग म्हणाला, "मी बसीन की आण्णा. माझं काय ऱ्हायलंय मोडायचं? पर सुनंदाताईला आत बसवून मी भाईर उभा न्हाई ऱ्हाऊ शकणार."

कर्ण्यावर गाणं अजून वाजत होतं. आण्णांनी हात करून ते बंद करायला सांगितलं. हळदीच्या बायकांना म्हणाले, उठा, घराकडं चला. मांडववाल्याला म्हणाले, सगळं सोड आणि शेजारच्या खळ्यावर बांध. आणि जाता जाता मला म्हणाले की उद्या काही झालं नाही तर तुझं काय करायचं ते मी बघतो.

छत सोडवण्याचं काम दस्तगीरनं स्वतःच्या हुकमतीत घेतलं. दोर एकदम कापायचे नाहीत, एका बाजूचे सगळे आधी सोडायचे नाहीत, थोडे इकडचे थोडे तिकडचे. झुंबर उतरेपर्यंत त्यानं कुणाला श्वासही मोठ्यानं घेऊ दिला नाही. सगळं खाली आल्यावर मी पाहिलं, एक पर्लिन मधे थोडा तिरपा झाला होता. आधीपासून तसा होता की दोरानं झाला, मला सांगता येणार नाही. त्यावरून मी कुणाशी वाद घातला नाही.

दुसऱ्या दिवशीचं लग्न मी विसरणं शक्य नाही. तंबाखू वाळवायचं ते खळं, चहूबाजूंनी उघडं. घाईनं बांधलेला मांडव निम्म्या पाहुण्यांना पुरला, निम्मे उन्हात. नवऱ्या मुलाच्या मुंडावळ्यांतून घाम गळत होता. बॅण्डवाल्यांची पितळी वाद्यं हाताला चटके देत होती म्हणून ते रुमालात धरून वाजवत होते. आणि शेजारीच, हाकेच्या अंतरावर, आमचं गोदाम गारेगार सावली पसरून मोकळं उभं होतं. मंगलाष्टकं चालू असताना लोकांचे डोळे नवरानवरीवर कमी आणि त्या सावलीवर जास्त होते. ते तसे माझ्याकडंही वळत होते. मी अक्षता टाकत खाली मान घालून उभा.

गोदामाच्या दाराशी दस्तगीर खुर्ची टाकून बसला होता. आत कुणाला सोडायचं नाही, हे काम त्यानं आपणहून पत्करलं होतं. जेवणं झाल्यावर नवऱ्याकडचे एक मामा थोडं पडावं म्हणून आले, तर त्यानं त्यांनाही परत पाठवलं. मामा रागावले, आम्ही पावणं आहोत म्हणाले. दस्तगीर म्हणाला, तुम्ही पावणं म्हणूनच.

आणि वारं? वारं आलंच नाही. पान हललं नाही. दिवसभर गोदामातला एक बोल्ट जागचा हलला नाही. मी मनातल्या मनात, खोटं कशाला सांगू, एखादी छोटीशी झुळूक तरी यावी, एखादा पत्रा तरी खडखडावा, अशी वाट बघत होतो. काहीही झालं नाही. संध्याकाळी वऱ्हाड निघालं. सुनंदा निघताना सगळ्यांच्या पाया पडली, तशी दस्तगीरच्याही पडली. तो खुर्चीतून धडपडत उठला आणि मागं सरकला.

वऱ्हाडाच्या गाड्या गेल्यावर आण्णा गोदामाकडं आले. डोळे सुजलेले होते, लेक सासरी धाडलेल्या बापाचे असतात तसे. मी दाराशीच होतो. आता काय ऐकून घ्यावं लागणार याची मनाची तयारी करून उभा होतो. आण्णा दाराच्या अलीकडं थांबले, आत वाकून वर बघितलं, बराच वेळ बघितलं.

"खरंच पडलं असतं काय रं?" त्यांनी विचारलं. या वेळी आवाज हळू होता.

मी म्हटलं, "माहीत नाही, आण्णा."

ते हसले नाहीत, चिडलेही नाहीत. त्यांची टोपी बहुधा आदल्या दुपारी आत कुणीतरी ठेवली होती, खिळ्याला लटकलेली दिसत होती, पाचसहा पावलांवर. त्यांनी तिच्याकडं बघितलं, वर बघितलं, आणि पाय उंबऱ्याशी आणून परत मागं घेतला. "ऱ्हाऊदे, उद्या घेतो," म्हणाले. "चला, जेवून घ्या दोघं बी. तुमी दोघंच ऱ्हायलायसा."

ताट त्यांनी स्वतः वाढलं. दस्तगीरसाठी वेगळी अंडी उकडून आणवली होती, ती कुणाला सांगून, कुठून, मला माहीत नाही. आण्णांच्या घरात अंडं चालत नसे, म्हणून ती बाहेर ओट्यावर बसून आम्ही दोघांनी खाल्ली.

त्या आठवड्यात लेथवाला परतला, सळया आल्या, गोदाम पुरं झालं. पुढं कितीतरी वादळवाऱ्यांत ते उभं राहिलं. आणि मला वाटलं होतं तसंच झालं, तालुक्यात माझं नाव पसरलं, पण लोखंडाचं नव्हे. जयसिंगपूरच्या बाजारात आण्णा भेटले की चारचौघांत मोठ्यानं ओळख करून द्यायचे, "ह्यो बघा, माझ्या पोरीचं लगीन उन्हात लावणारा इंजनेर." सगळे हसायचे, मीही हसायचो. सुरुवातीला ते हसणं मला टोचायचं. अपघात टाळता आला नाही तर लोक दोष देतात हे मला माहीत होतं. टाळलेला अपघात दाखवायचा कसा, हे मला कुणी शिकवलं नव्हतं, आणि अजूनही जमलेलं नाही.

एकदा असाच बाजारात त्यांनी मला गाठलं. सोबत एक ऊसवाले बागायतदार होते, त्यांना गुळासाठी शेड बांधायची होती. आण्णांनी नेहमीची ओळख करून दिली, नेहमीसारखे सगळे हसले. बागायतदारांनी विचारलं, मग ह्यांच्याकडं काम द्यावं की न द्यावं.

आण्णा म्हणाले, "ह्येच्याकडंच द्यावा. पर एक ध्येनात ठेवा. पत्रं पुरतं बसंपतोर आत जाऊ नगासा. त्यो का सांगतोय ते इचारत बसू नगासा. नुसतं भाईर थांबा."